आवाज किती ठेवू?

मे महिन्यातल्या वळवाने आमच्या परसातल्या माडाचा शेंडा जाळला आणि त्याच क्षणी माजघरातला टीव्ही बंद पडला. आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसातून निघत होते. ती म्हणाली, "माड गेला गं. सासूबाईंनी लावलेला." मग जरा थांबून, "आणि डिशच्या डब्याला जळका वास येतोय."

टीव्ही वाचला होता. छपरावरच्या छत्रीतून तार खाली येते, त्या तारेवरून वीज आत आली आणि डब्यात विझली. ढग भरून आलेले बघून बाबांनी सवयीप्रमाणे प्लग काढला होता. छत्रीची तार काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. कोकणात वळवाच्या पावसात किती तरी घरांतले डबे जातात ते याच वाटेने.

आमचं घर देवरुखजवळच्या एका वाडीत. बाबा ७१ वर्षांचे, आई ६७ची. घरात दोघंच. त्यामुळे टीव्ही बंद म्हणजे संध्याकाळी सात ते दहा घर मुकं. त्या रात्री घरच्या ग्रुपवर लगेच चर्चा सुरू झाली. दादा नाशिकहून म्हणाला, आता नवाच घेऊन टाकू, ४३ इंची स्मार्ट. मी म्हटलं, टीव्हीला काय झालंय? २०१४ साली घेतलेला ३२ इंची एलईडी, चित्र अजून स्वच्छ, मागे एचडीएमआयची दोन पोर्टं. २०२०मध्ये दादाला घरून काम करावं लागलं तेव्हापासून घरात फायबरचं इंटरनेट आहेच. चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी छोटी कांडी, मागे खोचली की झालं. डिशचा नवा डबा नको, महिन्याचा रिचार्ज नको, छत्री नको आणि छत्रीतून येणारी वीजही नको.

नव्या स्मार्ट टीव्हीबद्दल माझं मत पहिल्यापासून पक्कं आहे. टीव्हीची काच दहा-बारा वर्षं टिकते, आतला संगणक त्याआधीच म्हातारा होतो. अॅप अपडेट व्हायची थांबतात आणि चांगल्या चित्राचा टीव्ही निरुपयोगी वाटायला लागतो. शिवाय असे काही टीव्ही आपण काय बघतो त्याची नोंद ठेवतात. अमेरिकेत विझिओ या कंपनीला २०१७ साली याच कारणावरून २२ लाख डॉलर भरावे लागले होते. मेंदू वेगळा आणि काच वेगळी असली की मेंदू बदलता येतो. दादाला हे पटलं. बाबा ग्रुपवर नसतात. आईने फक्त एक हात जोडलेला इमोजी टाकला.

स्टिक मी कार्टमध्ये टाकली, पत्ता देवरुखचा घातला आणि पैसे भरायच्या आधी थांबले. बाबांची वही आठवली.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या छोट्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या सांगायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, कुठे जाणारे प्रवासी अजून चहाच्या टपरीवर उभे आहेत. लहानपणी मी शाळा सुटल्यावर स्टँडवर जायची तेव्हा त्यांचा आवाज बाजारपेठेच्या वळणापासून ऐकू यायचा. निवृत्त झाल्यावरही वेळापत्रकाची शिस्त अंगातून गेली नाही. टीव्हीशेजारच्या कोनाड्यात त्यांची शंभर पानी वही असते. त्यात उभ्या रेघा मारून चॅनेलचं नाव, नंबर, कार्यक्रम, वेळ असे रकाने केलेले आहेत. बातम्या, कीर्तन, क्रिकेट, आईच्या मालिका, सगळं. एखादा नंबर बदलला की जुन्यावर एक सरळ रेघ आणि वर नवा, खाली तारीख. बाबांना डोळे मिटूनही रिमोटवर चार आकडे दाबता येतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी ते तसंच करत होते.

मी घेत होते त्या स्टिकच्या रिमोटवर आकडेच नव्हते.

म्हणून विकत घेण्याऐवजी मी माझ्या पुण्यातल्या टीव्हीची स्टिक काढली, पर्समध्ये टाकली आणि आठ दिवस घरून काम करायची परवानगी काढून देवरुखची गाडी धरली. आधी लावून बघू, मग ठरवू.

पहिला दिवस सगळा घराशी झगडण्यात गेला. स्टिक टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवर चालेल असं मला वाटलं होतं. माझ्या पुण्यातल्या टीव्हीवर तशी चालते. या जुन्या टीव्हीचं यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतं आणि स्टिकला एक लागतो. चित्र सुरू व्हायचं, गाणं रंगात यायचं आणि पडदा काळा होऊन स्टिक पहिल्यापासून सुरू व्हायची. तीनदा असं झाल्यावर अॅडॉप्टर लावला. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड आणला, कारण माजघरात टीव्हीमागे एकच सॉकेट.

दुसरी अडचण भिंतीची. घर आजोबांनी बांधलेलं, जांभ्याचं, भिंती दीड फुटी. फायबर ओटीवर येतं, राउटरही तिथेच. ओटी आणि टीव्ही यांच्यामध्ये अशा दोन भिंती. जांभ्यात लोह असतं, दगड सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो. उन्हाळ्यात घर गार राहतं ते यामुळेच, पण वायफाय त्यात अडकतं. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माजघरात दिसतच नव्हता. २.४चा पोचत होता, तोही लंगडत. एचडी चित्र सलग चालायला साधारण ५ एमबीपीएस हवेत. मोजलं तर दोनाच्या आत. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून असते, म्हणून तिच्याबरोबर आलेला एचडीएमआयचा वीतभर तुकडा लावून ती कडेला लोंबती ठेवली. थोडा फरक पडला. शेवटी दादाचा जुना राउटर माळ्यावरून काढला आणि ओटीपासून माजघरापर्यंत वाशांच्या कडेने लॅनची वायर ओढली. शिडी धरायला बाबा होते. खालून विचारत होते, "आलं का?"

मला एकदम ऐंशीच्या दशकातली आमची अँटेना आठवली. तेव्हा बाबा कौलांवर असायचे, अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" आम्ही खिडकीतून ओरडायचो, "मुंग्या! अजून मुंग्या! थांबा, थांबा, आलं!" त्यांचा आवाज पऱ्ह्यापलीकडच्या घरापर्यंत जायचा आणि आमचाही त्यांना पोचायचा. या खेपेला मी शिडीवरून "आलं" म्हटलं ते त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग मान वळवून, ओठ दिसतील असं म्हटलं.

आईचं टीव्हीशी नातं वेगळं. ती लालबागची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि त्यांच्या चाळीत मजल्यावर एकाच घरी टीव्ही होता. पुढच्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगणारी 'साप्ताहिकी' ती त्या घराच्या उंबऱ्यावर बसून बघायची आणि सगळं लक्षात ठेवून मजल्यावर सांगायची. आठवडाभर वाट बघण्यातच निम्मी मजा होती, असं ती अजून म्हणते. त्यामुळे स्टिक लावल्यावर मी तिला म्हटलं, "आता तुला हवं ते हवं तेव्हा बघता येईल," तेव्हा तिचा चेहरा खुलला नाही. तिने विचारलं, "मग साडेसातला काय?"

साडेसात ही तिची भाकरीची वेळ. चूल माजघराला लागूनच, दाराच्या आडोशाला. तांदळाची उकड काढून ठेवलेली असते. मालिका सुरू झाली की ती पाटावर बसून मळते, थापते आणि जाहिराती लागल्या की उठून भाकरी तव्यावर घालते, पाणी फिरवते, उलटते. एका जाहिरातीच्या वेळात दोन भाकऱ्या. कित्येक वर्षांच्या सवयीने तिच्या हाताला जाहिरातींची लांबी ठाऊक झाली आहे. स्टिकवर मी तिला तीच मालिका, त्याच वेळी, जाहिरातींशिवाय लावून दिली. पंधराव्या मिनिटाला पहिली भाकरी करपली. मी तिला थांबवायचं बटण दाखवलं. तिने पिठाच्या हाताने ते दाबलं, भाकरी उलटली, परत आली. पडद्यावर नायिकेचं तोंड उघडं ते उघडंच. आई हसली, पुन्हा बटण दाबलं. तीन दिवसांत तिला ते बटण आवडलं आणि मग तिला दुसरी एक गोष्ट सापडली. बोलून शोधायचं बटण. रिमोट तोंडाजवळ धरून ती मराठीत भजनं मागायला लागली, आणि तिच्या लहानपणी चाळीच्या गणपतीत ऐकलेली, पुढे कधी कानावर न पडलेली एक गवळण एका संध्याकाळी खरंच मिळाली. ती तिने चारदा लावली. चौथ्यांदा डोळे पुसले. तेवढ्यासाठीसुद्धा स्टिक घ्यायला हरकत नव्हती, असं मी त्या रात्री ठरवून टाकलं होतं.

बाबांचं मात्र जमेना. त्यांनी वहीत नवं पान काढलं. "१. घराचं चित्र असलेलं बटण. २. खाली एकदा. ३. उजवीकडे तीनदा. ४. मधलं गोल बटण." अक्षर नेहमीसारखं वळणदार. पहिल्या दिवशी या पायऱ्यांनी बातम्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानावर रात्रीत नवीन पट्टी आली होती, कुठल्याशा सिनेमाची जाहिरात, आणि "खाली एकदा" केल्यावर बाबा तिसरीकडेच पोचले. त्यांनी वहीतली ओळ खोडून नवी लिहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बदललं. मी सेटिंगमध्ये जाऊन जे बंद करता येतं ते सगळं बंद केलं, आपोआप वाजणारे तुकडे थांबवले, लागणारी चार अॅप पुढे आणून बसवली. बरंच स्थिर झालं. तरी बाबांच्या चेहऱ्यावरचं ते पहिल्या तीन दिवसांचं गोंधळलेपण मला विसरता येत नाही. वेळापत्रक बदललं तर आधी फलकावर लावायचं असतं, एवढंच ते म्हणाले. हा माणूस आयुष्यभर लोकांना गाडी कुठे लागणार ते सांगत आला. त्याच्या माजघरात रोज फलाट बदलत होता आणि कुणी पुकारत नव्हतं.

ही यंत्रं बनवणाऱ्यांना माझं एक मनापासूनचं सांगणं आहे. म्हातारी माणसं शिकत नाहीत हा गैरसमज आहे. ती शिकतात, लिहून ठेवतात, रोज सराव करतात. त्यांनी शिकलेलं दुसऱ्या दिवशी खरं राहिलं पाहिजे, एवढंच.

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण स्टिक घ्यायची माझी घाई होती ती बाबांच्या कानांसाठी.

गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या टीव्हीचा आवाज २५ वरून ५८ वर गेला होता. आईला फोन केला की तिच्या आधी मालिकेतली भांडणं ऐकू यायची. बाबांचं म्हणणं, "आवाज येतो, शब्द कळत नाहीत." मला आधी ते विचित्र वाटायचं. रत्नागिरीला नेऊन तपासणी केली तेव्हा ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागदावर उतरती रेघ दाखवून समजावलं. वयाबरोबर कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म पेशी झिजतात, त्यात उंच पट्टीच्या आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत आणि ठसठशीत असतात, ते पोचतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीत आणि मुळातच हलकी, ती गळतात. म्हणजे 'सात' म्हटलं काय, 'हात' म्हटलं काय, बाबांना नुसतं 'आत'. आवाज वाढवला की स्वर अंगावर येतात आणि व्यंजनं मागेच राहतात. त्यात मालिकेचं पार्श्वसंगीत. सगळ्यावर कढी सांडल्यासारखं. श्रवणयंत्राचं बाबा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. त्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.

मग दोन वर्षं आई बाबांचा कान झाली. "काय म्हणाला तो?" "सात तारखेला येतो म्हणाला." "हात कुणाला?" "सात! सात तारखेला!" आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलेलं, ते आता दोघांनाही कळलेलं नाही. रोज असं तीन तास.

म्हणून मला स्टिक हवी होती. स्ट्रीमिंगवर बोललेलं खाली अक्षरांत दिसतं, हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा होता. बाबांचं वाचन दांडगं. डोळा ऑपरेशननंतर चांगला झालाय. अक्षरं मोठी करून ठेवली की झालं. चौथ्या रात्री मी ते लावलं. मराठी मालिका, मराठी माणसं, मराठी बोलणं, आणि खाली अक्षरं इंग्रजी.

बाबा बघत राहिले. त्यांना इंग्रजी येतं, परिपत्रकं वाचण्याइतकं. ते एकेक ओळ ओठ हलवत वाचायला लागले आणि अर्धी होते तोवर ती पुसली जायची. मी भाषांची यादी उघडली. मराठी नव्हतं. दुसरी मालिका लावली, दुसरं अॅप उघडलं. त्या आठवड्यात आम्ही लावलेल्या एकाही मराठी मालिकेखाली मराठी अक्षरं मिळाली नाहीत. आपल्या भाषेतलं बोलणं वाचण्यासाठी माझ्या वडिलांना परक्या भाषेचा पूल ओलांडून यावं लागत होतं. बाबा म्हणाले, "राहू दे. ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी असेल ते."

मला त्या वाक्याचा फार त्रास झाला, अजून होतो. ज्यांना मराठी येतं पण ऐकू येत नाही, ती माणसं कुणाच्या हिशेबातच नाहीत का? आपल्याकडे हे कुणाला सुचलं नाही असंही नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९६ साली त्याच भाषेत अक्षरं दाखवायची कल्पना मांडली. गाणं हिंदी तर खाली ओळही हिंदी. पुढे दूरदर्शनवरच्या गाण्यांना तशी अक्षरं आली. त्यांचा हेतू होता की नुकतं वाचायला शिकलेल्यांचा सराव व्हावा. ऐकू न येणाऱ्यांना त्याचा उपयोग आपोआपच. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यातही टीव्हीसारख्या माध्यमांवर अक्षरांची सोय असावी असं म्हटलेलं आहे. चित्र फोर-के झालं, आवाज चहूकडून यायला लागला. एक देवनागरी ओळ तेवढी राहून गेली. मालिकेची संहिता मराठीतच लिहिलेली असते. सगळे संवाद कुठेतरी टाइप केलेले असतात. ते पडद्याच्या तळाशी आणायला किती खर्च येणार?

पाचव्या रात्री मी दुसरा उपाय केला. माझे ब्लूटूथ हेडफोन स्टिकला जोडले आणि बाबांच्या कानावर चढवले. त्यांचा चेहरा बदलला. डोळे मोठे झाले. "स्वच्छ आहे!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की ओटीवरचं मांजर उठून गेलं. त्यांनी अर्धा तास कीर्तन ऐकलं, मान डोलावत, मध्येच बुवांच्या आधी ओवी पूर्ण करत. मला वाटलं, जिंकलो.

मग मी आईकडे पाहिलं. हेडफोन लागले की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. ती शेजारच्या खुर्चीत बसून होती, मांडीवर निवडायचे तांदूळ, आणि समोर कीर्तनकारांचे नुसते हात हलत होते. तिने दोनदा बाबांकडे वळून काहीतरी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने ताट उचलून आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वर कौलांमधून पालीचा आवाज येत होता. मी जे जोडायला आले होते त्याने त्या दोन खुर्च्या वेगळ्या केल्या होत्या. आई ओरडून "सात! सात तारखेला!" सांगायची तेव्हा निदान दोघं एकाच गोष्टीवर बोलत होती.

सकाळी अंगणात दात घासताना बाबा पडवीत रेडिओ ऐकताना दिसले. छोटा, खिशातला. आवाज इतका कमी की मला ऐकू येत नव्हता, आणि बाबा मात्र बातम्या बरोबर ऐकत होते, कारण रेडिओ कानापासून हातभर होता.

आपल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर पाठीमागे किंवा खाली तोंड करून असतात. आवाज आधी भिंतीवर जातो, मग आपल्याकडे येतो. आमच्या टीव्हीपासून बाबांची खुर्ची अकरा फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. घरात थोडा कमी उतरतो, पण भिंतींवरून परतलेले आवाज एकमेकांत मिसळतात, म्हणजे व्यंजनांची आणखी वाट. आवाज वाढवण्यापेक्षा आवाज जवळ आणायला हवा होता.

मी देवरुखच्या बाजारात जाऊन कॉम्प्युटरला लावतात तसे दोन छोटे स्पीकर आणले, आठशे रुपयांचे, आणि दहा मीटरची वायर. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून ती वायर काढून भिंतीच्या कडेने आणली आणि दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये देवघरातला जुना चौरंग ठेवून त्यावर स्पीकर मांडले, बाबांच्या उजव्या कानापासून दीड-दोन फुटांवर. उजवा कान त्यातल्या त्यात बरा आहे. संध्याकाळी मालिका लावली. बटण हळूहळू फिरवत विचारलं, "आवाज किती ठेवू?"

बाबांनी हात वर केला. "बस."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "एवढाच? आणि मला इथे ऐकू येतंय."

मग स्टिकचं काय? खरं तर त्यानंतर तो प्रश्न सोपा झाला. बाबांसाठी डिशचा नवा डबा मागवला, दीड हजारात आला. त्यांची वही, त्यांचे आकडे, त्यांच्या बातम्या जशाच्या तशा. आषाढात पाऊस धरला की छत्रीचं चित्र जाणार हे ठरलेलंच. त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, मुसळधार सरी त्यांना वाटेतच गिळतात. फायबरला पावसाचं काही नाही, पण रस्त्यावर झाड पडलं की ते दोन दिवस जातं. एक गेलं तर दुसरं असावं, एवढा विचार कोकणातल्या घराने करायलाच हवा. वीज चमकायला लागली की प्लगबरोबर छत्रीची तारही काढायची, हे बाबांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे.

आईसाठी स्टिक. पण नवी घेतली नाही. या चिमुकल्या वस्तूंचं आयुष्य किती, याचा मला भरवसा वाटत नाही. २०१३मध्ये ३५ डॉलरला आलेलं क्रोमकास्ट हे या जातीतलं गाजलेलं यंत्र, २०२४ साली ते बनवायचं थांबवल्याचं जाहीर झालं. मार्च २०२५मध्ये त्याच्या दुसऱ्या पिढीची यंत्रं जगभर एकदम अडली, कारण आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती आली, तरी तोवर धडधाकट वस्तू घराघरांत गप्प पडून होत्या. आईला त्या गवळणीपुरती, भजनांपुरती हवी आहे, तर आहे ती चालेल. माझीच तिथे ठेवून आले.

एकच गोष्ट राहिली होती. स्टिकवरून डिशवर यायला टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबावं लागतं आणि ते बाकीच्या चाळीस बटणांसारखंच काळं. मी चिकटपट्टी शोधत होते. आईने आरशाच्या कडेला लावून ठेवलेल्या टिकल्यांमधली एक लाल टिकली काढली आणि त्या बटणावर दाबून बसवली. बाबांनी बोटाने चाचपून बघितली. वहीत लिहिलं, "टिकली."

पुण्यात आल्यापासून माझ्या टीव्हीमागचं पोर्ट रिकामं आहे. दोनदा कार्टमध्ये स्टिक घातली आणि दोनदा काढली. संध्याकाळी पुस्तक वाचते किंवा फोन करते. अजून तरी अडलं नाही.

काल साडेसातला आईला फोन केला. तिने फोन स्पीकरवर टाकून कट्ट्यावर ठेवला, कारण हात पिठाचे होते. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा, आणि त्याच्या मागे, बऱ्याच खालच्या पट्टीत, मालिका. माडाच्या जागी नवं रोप आणलंय, असं ती सांगत होती. सांगता सांगता थांबली आणि माजघराकडे वळून तिने विचारलं, "अहो, काय म्हणाला तो?"

बाबांचा आवाज आला, स्टँडवर यायचा तसा, एकेक शब्द सुटा:

"सात तारखेला येतो म्हणाला."